मनःस्वास्थ्य आणि उद्याची शाश्वती

दरवर्षी १० ऑक्टोबर रोजी जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळण्याचा प्रघात १९९२ पासून पडला आहे. त्या दिवशी शासकीय रुग्णालयांतून फलक लागतात, महाविद्यालयांतून व्याख्याने होतात, आणि ताण घेऊ नका, छंद जोपासा, मन प्रसन्न ठेवा, असा उपदेश करण्यात येतो. उपदेश चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यामागे एक गृहीत दडलेले असते व ते तपासून पाहणे अगत्याचे आहे. मन ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता आहे. ती बिघडली तर दोष मालकाचा आणि दुरुस्तीची जबाबदारीही मालकाचीच, असे ते गृहीत होय.

क्षयरोगाबाबत अशी भाषा आज कोणी करणार नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरतो हे खरे. परंतु कोंदट खोली, निकृष्ट अन्न आणि अतिश्रम यांमुळे त्याला वाट मिळते, हे सार्वजनिक आरोग्याच्या विचाराने केव्हाच मान्य केले आहे. मनाच्या आजाराची चर्चा मात्र अजून एकतर रुग्णाच्या स्वभावापाशी थांबते, नाहीतर देवाधर्मापाशी.

मनःस्वास्थ्यावर परिणाम करणाऱ्या कारणांची यादी मोठी आहे. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी, बालपणीचे आघात, दीर्घ आजार, व्यसने, एकाकीपणा ही सारी कारणे खरी आहेत. छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र विकारांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि तेथे औषधोपचाराला पर्याय नाही, हेही निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या विकारांनी सर्वाधिक माणसे ग्रासली जातात, त्या नैराश्य व चिंता या विकारांत परिस्थितीचा हात फार लांबवर पोहोचतो. त्या परिस्थितीतही एक घटक असा आहे की, ज्याची चर्चा दवाखान्यात होत नाही आणि अर्थसंकल्पावरील भाषणांतही होत नाही. तो म्हणजे उद्याच्या दिवसाविषयीची अनिश्चितता. गेल्या चार दशकांत पीक, नोकरी आणि म्हातारपण यांतील जोखीम शासन, कारखानदार व संस्थाचालक यांच्या शिरावरून उतरून एकेका कुटुंबाच्या शिरावर आली. त्या जोखमीचा हिशेब झालाच तर रुपयांत होतो. मनावर पडणारा तिचा भार कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पाहणी आणि पोलिसी रकाना

देशातील मनोविकारांची व्यवस्थित पाहणी बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, असे तीत आढळले. देशाच्या लोकसंख्येशी मेळ घातला तर उपचारांची गरज असलेल्यांची संख्या सुमारे १५ कोटी होते. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. कमी उत्पन्नाच्या गटांत विकारांचे प्रमाण अधिक होते. ज्या घरी रुग्ण होता, त्या घराला औषधे व प्रवास यांपायी दरमहा सुमारे हजार ते दीड हजार रुपये खर्च करावे लागत होते. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. प्रगत म्हणविणाऱ्या राज्याला स्वतःच्या नागरिकांच्या मनाची मोजदाद करण्याची निकड त्यानंतरच्या वर्षांतही भासू नये, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

महाराष्ट्राविषयी जे आकडे मिळतात, ते मृत्यूचे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. देशभरातील या मृतांत रोजंदारीवर जगणारे एक चतुर्थांशाहून अधिक, म्हणजे ४४,७१३ होते. गृहिणी २५,३०९ होत्या आणि शेतकरी व शेतमजूर मिळून ११,२९० होते. आत्महत्या कधीही एकाच कारणाने होत नाही व प्रत्येक आत्महत्येमागे मनोविकार असतोच असेही नाही, हे ध्यानात ठेवूनच या आकड्यांकडे पाहावयास हवे.

त्याच अहवालात कारणांचा तक्ता आहे. सुमारे ३२ टक्के प्रकरणांत ‘कौटुंबिक समस्या’ व १८ टक्के प्रकरणांत ‘आजारपण’ हे कारण दिले आहे. ‘दिवाळखोरी वा कर्जबाजारीपणा’ जेमतेम ४ टक्के आणि ‘बेकारी’ २ टक्क्यांहूनही कमी. यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की, आर्थिक कारणांचा बाऊ केला जातो. पण हा तक्ता कसा तयार होतो, याचा विचार केला पाहिजे. पोलीस ठाण्यातील नोंदीत प्रत्येक मृत्यूला एक रकाना मिळतो. हप्ता थकला, सावकार दाराशी आला, बायकोच्या अंगावरचा दागिना गहाण पडला, त्यावरून घरात रोज भांडण होऊ लागले, नवरा दारूकडे वळला. या साखळीतील शेवटची कडी तेवढी शेजाऱ्यांच्या जबानीत उतरते, आणि नोंद होते ‘कौटुंबिक समस्या’. कर्ज घरात शिरते ते कलहाचे रूप घेऊन आणि बाहेर पडते ते आजाराचे नाव घेऊन. रकान्यांची बेरीज बरोबर असली तरी तिने कारणांचा उलगडा होत नाही.

कापणीपूर्वी आणि कापणीनंतर

गरिबीने मन खचते की खचलेल्या मनामुळे माणूस गरीब होतो, हा अर्थशास्त्रज्ञांचा जुना वाद आहे. दोन्ही गोष्टी घडतात, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. एकाच वस्तीत राहणाऱ्यांपैकी सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांना नैराश्य व चिंता यांचा त्रास वरच्या उत्पन्नगटांच्या दीडपट ते तिप्पट होतो, असे २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका आढाव्यात मांडले गेले. त्याच नियतकालिकात २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धिचाचणी दोनदा घेण्यात आली. एकदा तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि पुन्हा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेच, वंश तोच. परंतु तोडणीपूर्वीच्या चाचणीत तोच शेतकरी लक्षणीय रीतीने मागे पडला. तुटीची विवंचना डोक्यातील जागा अडवून बसते व इतर विचारांना वाव उरत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत त्याचा मोबदला मिळावा, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात म्हटले आहे. ही मुदत टळते तेव्हा केवळ व्याज बुडत नाही; शेतकऱ्याची निर्णयशक्तीही तेवढे दिवस गहाण राहते.

उलट बाजूनेही पुरावा आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देण्याची योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. ती जेथे पोहोचली तेथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्या योजनेत समुपदेशक नव्हते आणि औषधेही नव्हती. ठरलेली रक्कम हाती पडत होती, एवढेच.

विदर्भातील कापसाची गोष्ट या प्रकाशात पुन्हा वाचली पाहिजे. १९७२ साली महाराष्ट्राने कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तीत दोष होते, भ्रष्टाचार होता, आणि तोट्याचा बोजा तिजोरीला पेलवेनासा झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती संपुष्टात आली. परंतु योजनेबरोबर भावाची शाश्वतीही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही भरवशाची व्यवस्था उभी राहिली नाही. पाऊस आधीच बेभरवशाचा होता. आता बाजारही तसाच झाला. पुढे २००८, २०१७ व २०१९ या वर्षी कर्जमाफ्या झाल्या. त्यांनी बँकेची वही कोरी झाली, पण खाजगी सावकाराची वही त्यात आली नाही आणि पुढच्या हंगामाचा भरवसाही आला नाही. राज्य शासनाने २००६ सालच्या निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य ठरविले. त्यासाठी जमीन नावावर असणे आणि कर्ज थकलेले असणे, अशा कसोट्या लावून प्रकरणे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरविण्यात येतात. जिवंतपणी ज्याची दखल घेतली गेली नाही, त्याचे दुःख मृत्यूनंतर सातबाऱ्यावर तपासले जाते.

भोंगा थांबल्यानंतर

अनिश्चिततेचा मनावर होणारा परिणाम केवळ पैशाच्या चणचणीपुरता नसतो. व्हिएन्नाजवळील मारिएन्ताल या गावातील कापड गिरणी १९२९-३० च्या मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे राहून केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ मिळाला म्हणजे लोक वाचतील, सभा-संमेलने करतील, अशी कोणाचीही कल्पना व्हावी. घडले उलटे. ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले आणि पुरुषांची चालण्याची गतीसुद्धा मंदावली. दिवसाला आकार उरला नाही. नोकरी मजुरी देते हे तर खरेच. पण ती दिवसाचे वेळापत्रक देते, चार माणसांशी संबंध देते, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव आणि समाजात एक ओळख देते, असे याहोडा यांनी पुढे प्रतिपादन केले.

हे वर्णन मुंबईच्या गिरणगावाला जसेच्या तसे लागू पडते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. परळ-लालबागच्या चाळींतील दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत आणि मावळत असे. भोंगा थांबला तेव्हा पगाराबरोबर पाळी, खाते, सांधा, साचा, नाक्यावरची मंडळी आणि गावाकडची पत असे सारे विश्व थांबले. त्या संपाचे अर्थकारण व राजकारण पुष्कळ लिहिले गेले आहे. कामगारांच्या मनाचे काय झाले, याची शासकीय दप्तरात नोंद नाही. ज्या समाजात पुरुषाची प्रतिष्ठा कमाईवर तोलली जाते, त्या समाजात चाळिशीतला माणूस एकाएकी बिनकामाचा ठरला म्हणजे तो घरातही परका होतो. हे ओळखावयास मनोविकारतज्ज्ञाची गरज नव्हती.

प्रतीक्षेचे आयुष्य

आज गिरणगावाची जागा अनेक ठिकाणी विखुरली आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील आणि नवी पेठेतील अभ्यासिकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आलेले हजारो तरुण स्पर्धा परीक्षांच्या तयारीत विशीची उमेदीची वर्षे घालवितात. एप्रिल २०२० मध्ये व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अनेकदा पुढे ढकलली जाऊन अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. महासाथ हे सबळ कारण होते. परंतु साथ सरल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्येही परीक्षा ऐनवेळी लांबणीवर पडून डिसेंबरवर गेली. या तरुणांना अपयशाची भीती असतेच. अपयश सोसता येते, कारण ते पदरी पडले म्हणजे माणूस दुसरा मार्ग धरतो. परीक्षा केव्हा होईल, जागा किती भरतील, निकालानंतर नेमणूक मिळेल की प्रकरण न्यायालयात अडकेल, हेच कळत नसेल तर त्याला परतही फिरता येत नाही. वडिलांनी पाठविलेल्या पैशांचा हिशेब त्याच्या उशाशी असतो. गावाकडून फोन आला की, काय सांगावयाचे, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसतो, पण तोच रोज सोडवावा लागतो.

शिक्षकांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक पद्धत सुरू झाली आणि कायम नेमणुकीच्या आधी तीन वर्षे मानधनावर काढणे नव्या शिक्षकाच्या वाट्याला आले. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन दीर्घकाळ सहा हजार रुपये होते. २०२३ साली ते सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळांतील अनेक शिक्षकांनी अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहत तारुण्य संपविले. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणारे पदवीधर व पीएच.डी. धारक दर जूनमध्ये नव्याने उमेदवार होतात. जो स्वतः पुढच्या वर्षी त्या वर्गात असेल की नाही हे जाणत नाही, त्याने विद्यार्थ्यांना भविष्याविषयी धीर द्यावा, अशी अपेक्षा केली जाते.

१४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील सरकारी कर्मचारी व शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, तेव्हा सुस्थितीतल्या नोकरदारांचा हट्ट, अशी त्या मागणीची संभावना झाली. तिजोरीवर पडणाऱ्या भाराचा मुद्दा खराच होता. परंतु नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांच्या बाबतीत नेमका कोणता बदल झाला, हे पाहिले पाहिजे. जुन्या पद्धतीत निवृत्तीनंतर किती मिळेल हे ठरलेले होते आणि बाजाराची जोखीम शासनाकडे होती. नव्या पद्धतीत किती भरावयाचे तेवढे ठरले. किती मिळेल ते बाजारावर सोडले गेले. जोखीम सरकारी तिजोरीतून उचलून लिपिकाच्या घरात ठेवण्यात आली. असा बदल कदाचित अपरिहार्य असेल. पण ज्याच्यावर तो लादला जातो, त्याला काही किंमत मोजावी लागते आणि ती किंमत रात्रीच्या झोपेतून वसूल होते, एवढे तरी धोरणकर्त्यांनी मान्य करावे.

घर आणि जात

अनिश्चिततेचे वाटपही सारखे होत नाही. ज्या स्त्रीच्या नावे जमीन नाही, घर नाही आणि उत्पन्न नाही, तिचे डोक्यावरचे छप्पर नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. २०२२ सालच्या आकड्यांत आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या, याचा अर्थ या संदर्भात लावला पाहिजे. दिवसभर राबूनही जिच्या कामाला जनगणनेत काम म्हटले जात नाही, तिच्या थकव्यालाही कोणी आजार म्हणत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करण्याचे आवाहन केले, तेव्हा तो मालमत्तेच्या न्यायाचा प्रश्न मानला गेला. तो मनःस्वास्थ्याचाही प्रश्न होता.

जातीने येणारी अनिश्चितता आणखी वेगळी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीवर डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली अहवाल दिला. देशातील सर्वांत हुशार मुलांच्या संस्थेत वसतिगृह, खानावळ, खेळाचे मैदान व परीक्षा या साऱ्या ठिकाणी भेद होत असल्याच्या तक्रारी तीत नोंदल्या गेल्या. कमी गुण मिळाले तर ते उत्तर चुकले म्हणून की आडनावामुळे, हे ज्या विद्यार्थ्याला कधीच निश्चित कळत नाही, त्याच्या मनात प्रत्येक निकालाबरोबर एक शंका घर करून राहते. त्याला ‘मन खंबीर कर’ असे सांगणे म्हणजे भेद करणाऱ्याला मोकळे सोडून भेद सोसणाऱ्याला शिस्त लावणे होय.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आधीच्या पिढ्यांनी याहून अधिक हालअपेष्टा सोसल्या, दुष्काळ पाहिले, तरी त्या खचल्या नाहीत. आजची माणसेच नाजूक झाली आहेत, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. खचलेल्यांची गणती त्या काळी कोणी करीत नव्हते, हे त्याचे पहिले उत्तर. अंगात आले, बाहेरचे लागले, घर सोडून गेला, अशा शब्दांत ती माणसे इतिहासातून पुसली गेली. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र तगला तो केवळ लोकांच्या खंबीरपणावर नव्हे. रोजगार हमीच्या कामांवर लाखो हात खडी फोडीत होते आणि आठवड्याची मजुरी पदरात पडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेला १९७७ साली राज्याने कायद्याचे रूप दिले आणि २००५ साली केंद्राने देशव्यापी कायदा केला. मागेल त्याला काम या तीन शब्दांत जी हमी होती, तिने पोटाबरोबर मनही सांभाळले. खंबीरपणाला कशाचा तरी आधार लागतो.

उपचार कोणाच्या आवाक्यात?

परिस्थितीवर बोट ठेवले म्हणजे उपचार गौण ठरतात, असे मुळीच नाही. आजारी पडलेल्याला आज औषध हवे. धोरण बदलेपर्यंत तो थांबू शकत नाही. कायद्याने याबाबत मोठी मजल मारली आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’ म्हणजे वेडेपणा हा शब्द होता आणि त्याचा भर रुग्णाला कोंडून ठेवण्यावर होता. १९८७ चा कायदा त्याच्या जागी आला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि शासकीय यंत्रणेकडून उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानावे व तिला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, असेही त्यात आहे.

हक्क आणि दवाखाना यांत मात्र अंतर आहे, आणि ते किलोमीटरमध्ये मोजता येते. देशात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञाचे प्रमाण एकाहूनही कमी आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला, तरी त्याची धाव बहुतांशी जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतच राहिली. तालुक्यापलीकडील वस्तीवरच्या माणसाने जिल्ह्याला जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवावयाची, दोघांचे भाडे भरावयाचे, रांगेत उभे राहावयाचे आणि महिन्याने पुन्हा तेच करावयाचे. भगत मात्र शेजारच्या वाडीत असतो. तो उधारीवर काम करतो, रोग्याची भाषा बोलतो, आणि दोष रोग्याच्या माथी न मारता बाहेरच्या शक्तीवर ढकलतो. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले, ही मोलाची गोष्ट झाली. पण भगताकडे जाणारी वाट केवळ कायद्याने बंद होणार नाही. दवाखान्याची वाट तिच्याहून जवळची आणि स्वस्त करावी लागेल.

ते शक्य आहे, याचा पुरावा जवळच आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकींत संवाद साधण्याचे काम सोपविण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. रुग्णाने दिवसाची आखणी करावी, सोडून दिलेली कामे हळूहळू पुन्हा हाती घ्यावी, अडचणींचे तुकडे करून त्या सोडवाव्या, असे या पद्धतीचे स्वरूप होते. मारिएन्तालच्या बेकारांनी जे गमावले होते, तेच येथे थोडेथोडे परत मिळवून दिले जात होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाने असाच उपक्रम चालला. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांनी कुप्रसिद्ध झालेल्या जिल्ह्यात, गावच्याच माणसांकरवी हे घडले. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सुरू आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. संकोच न करता तिचा उपयोग केला पाहिजे.

शासनाने काय करावे?

प्रश्न मोठा आहे म्हणून उपायही प्रचंड खर्चाचे असले पाहिजेत असे नाही. परीक्षांचे वेळापत्रक वर्षारंभी जाहीर करून ते काटेकोरपणे पाळणे, रिक्त पदांची संख्या आधी सांगणे आणि निवड झालेल्यांना ठरल्या मुदतीत नेमणूक देणे, यांस फारसा पैसा लागत नाही. उसाचा मोबदला, पीकविम्याची भरपाई, रोजगाराच्या कामावरील मजुरी आणि शिक्षकांचे मानधन ठरल्या तारखेला देणे, हा तर केवळ शासनाने आपलेच नियम पाळण्याचा प्रश्न आहे. अमरावती व गोव्याचा अनुभव राज्यभर नेण्यास खर्च येईल. पण रुग्णाच्या उपचारात आणि बुडालेल्या मजुरीत कुटुंबे आज जो खर्च गुपचूप सोसतात, त्याच्याशी तो ताडून पाहावा. हे काम ज्यांच्याकडे जाईल, त्या आशा सेविकांनाच आज कामागणिक मोबदल्यावर राबावे लागते. दुसऱ्यांच्या विवंचना ऐकणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या महिनाअखेरीची विवंचना असू नये, एवढी तरी काळजी घ्यावी लागेल. आणि महाराष्ट्राने आपल्या राज्याची स्वतंत्र पाहणी करून तिचे निष्कर्ष विधिमंडळापुढे ठेवावे. जे मोजले जात नाही, त्यासाठी तरतूद होत नाही, हा अर्थसंकल्पाचा जुना नियम आहे.

कोणतेही शासन सर्व अनिश्चितता दूर करू शकणार नाही. पाऊस लांबेल, बाजार पडेल, आजार येतील आणि माणसे दुरावतील. सर्व दुःख धोरणाने मिटते असा दावा कोणी करू नये. परंतु निसर्गाने व नशिबाने घातलेले ओझे एक, आणि दिरंगाईने, मोडलेल्या मुदतींनी व कंत्राटी नेमणुकांनी त्यावर चढविलेले ओझे दुसरे. पहिल्यासाठी शेजारी, मित्र, समुपदेशक आणि डॉक्टर हवेत. दुसरे ज्यांनी चढविले, त्यांनीच ते उतरविले पाहिजे. त्याची मागणी करणे हा शिक्षकाचा, लिपिकाचा, विद्यार्थ्याचा आणि शेतकऱ्याचा हक्क आहे. मनाच्या दुखण्याची लाज वाटून तो हक्क सोडून देण्याचे काहीच कारण नाही.